गोण्यांवरून गेलेली गाडी

तुमची गाडी डांबर सोडून खाली उतरली, तेव्हा ती कुणाच्या वाटेवर उतरली हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का? मी विचारलं नव्हतं. आणि मी तर अशा घरात वाढले, जिथे जेवणाआधी पानात प्रश्न वाढले जायचे.

माझे बाबा भिवंडीतल्या एका शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. लूमवर दोन दोन शिफ्ट मारणाऱ्या कामगारांसाठी, नळाच्या पाण्यासाठी, गोदामांच्या भरावाखाली गेलेल्या नाल्यांसाठी. वाटून उरलेल्या पत्रकांची मागची बाजू कोरी असायची, म्हणून ती आमच्या घरात वर्षभर पुरायची. माझ्या गणिताच्या वहीला त्यांचंच कव्हर होतं. ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांमधली अक्षरं मी बाराखडीच्या तक्त्यावर येण्याआधी ओळखत होते. बाई वही तपासायला घ्यायच्या तेव्हा आधी कव्हर वाचायच्या, मग उत्तरं.

बाबांचा एक नियम होता. ज्या जागेबद्दल लिहायचं, तिथे आधी पायी जायचं. नाला बुजवला असेल तर जिथे नाला होता तिथून शेवटपर्यंत चालायचं. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, आमच्या भागातल्या रस्त्यावर. बाबांनी वाचलं, भाषेचं कौतुक केलं आणि विचारलं, कुठून पाहिलास रस्ता? मी म्हणाले, बसच्या खिडकीतून. त्यांनी ते मलाच फाडायला लावलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चालत गेले.

हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही पुढचं घडलं. म्हणून लिहिते आहे.

निवृत्तीनंतर बाबांनी एक सेकंडहँड गाडी घेतली होती. चौकोनी, उंच, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी. आधी ज्या पाड्यांवर ते चालत जायचे तिथे आता गुडघे नेत नव्हते, म्हणून गाडी. पण गुडघे आणखी बिघडले आणि क्लच दाबणं जमेनासं झालं. गाडी बिल्डिंगच्या मागे दोन पावसाळे उभी राहिली. तिच्या बोनेटवर मांजरी झोपायच्या.

मी मानकोलीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. काय आलं, काय गेलं, हे कॉम्प्युटरमध्ये भरते. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा, खिडकी नाही. दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहायची. माणसं जुन्या गाड्या दुरुस्त करून डोंगरात नेतात, मागच्या दारातून चूल बाहेर ओढतात, तिथेच झोपतात. सकाळी दार उघडलं की समोर दरी. मला ती दरी हवी होती. कंटेनरच्या हॉर्नशिवाय एक सकाळ हवी होती. मी मांजरींना उठवलं आणि गाडी टो करून वडप्याला नेली.

वडप्याजवळ हायवेला लागून एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज आहे. ट्रकचं काम करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, किती उंच करायची? व्हिडिओमधल्या मुलांसारखी, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, वर लाइटची पट्टी?

मी सांगितलं, कायद्यात बसेल तेवढंच. गार्ड नको, कारण समोरून चालणाऱ्या माणसाची हाडं त्यानेच मोडतात. यावर कॉलेजात असताना मी एक पत्रकही काढलं होतं. वाढीव लाइट नकोत, समोरच्याचे डोळे दिपतात. टायरचं माप कंपनीचंच, फक्त खाचा खोल. आणि जे काही बसवाल ते उद्या काढता आलं पाहिजे.

चाचा हात पुसत उठले. "मॅडम, ये गाडी बनाने का है, या राज्यघटना लिहायची आहे?"

तरीही त्यांनी मनापासून काम केलं. स्प्रिंगा दबून गेल्या होत्या, त्या बदलल्या तर गाडी आपोआप तीन बोटं वर आली. "उंच नाही केली, कंबर सीधी केली," चाचा म्हणाले, जणू मला कायद्यातून पळवाट काढून देत होते. शॉकअप नवे घातले. इंजिनच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्र्याची ढाल बसवली. गिअरबॉक्स आणि एक्सलच्या हवेच्या नळ्या उंचावर नेल्या, म्हणजे पाण्यातून जाताना आत पाणी शिरणार नाही. मागची सीट काढून तिथे पलंग बसवला. त्याच्या फळ्या गोदामातल्या मोडक्या पॅलेटच्या, मुकादमाला विचारून आणलेल्या. मी आणि चाचांनी त्या रंधून गुळगुळीत केल्या. पलंग हाताने फिरवता येणाऱ्या नटांवर होता. दहा मिनिटांत सगळा सुटायचा. चाचांना हा हट्ट पसंत नव्हता. वेल्डिंग मारलं की जन्माचं काम, असं त्यांचं मत.

गाडीच्या बाजूने सावली ओढायला कापड हवं होतं. जवळच ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराला माप दिलं. त्याला एवढीशी ताडपत्री शिवायची सवय नव्हती. त्याने ट्रकच्या जाडीचीच ताडपत्री घेतली, तिला ट्रकसारख्याच दुहेरी शिवणी मारल्या आणि वीतवीतभर अंतरावर दोरी ओवायचे पितळी डोळे ठोकले. ती घडी एकटीला उचलवत नव्हती. चाचा म्हणाले, वादळ आलं तर गाडी उडेल, ही उडणार नाही.

पहिल्या फेरीला मी बाबांना घेऊन गेले. हिवाळ्यातला रविवार होता. वडपे मागे टाकलं, हायवे सोडला, गोदामांची रांग संपली, मग डांबरही संपलं. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. या बाजूला ते वीसेक वर्षांपूर्वी पत्रकं घेऊन चालत आले होते. पुढे एक ओहोळ लागतो, त्याच्या पलीकडे माळ आहे आणि माळावर मोहाचं जुनं झाड आहे, असं त्यांनी सांगितलं. मुक्कामाला त्याहून चांगली जागा नाही.

ओहोळ लागला. वाट त्याच्या काठापर्यंत उतरत होती. आणि तिथे, या काठापासून त्या काठापर्यंत, पाण्यातून गोण्यांची ओळ गेली होती. मातीने भरलेल्या, तोंडं शिवलेल्या प्लास्टिकच्या गोण्या. त्यांच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. वरच्या अंगाला पाणी शांत होतं, आरशासारखं. खालच्या अंगाला दगड.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ही चूक आमच्याच गावच्या माणसाच्या हातून व्हायची. पावसाळ्यात गोदामांच्या गल्ल्यांत चिखल होतो आणि कंटेनर रुततात. मग फाटक्या गोण्यांमध्ये रॅबिट, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, भरून त्या चाकांच्या वाटेवर ओळीने टाकतात. लहानपणापासून मी हेच पाहिलं आहे. भिवंडीच्या माणसाला ओळीने टाकलेल्या गोण्या दिसल्या की एकच अर्थ समजतो: इथून गाडी जाते.

मी थांबले. बाबांनी सवयीने दाराच्या हँडलला हात लावला, उतरायला. मग त्यांनी उताराकडे पाहिलं, आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"गोण्या टाकल्यात," ते म्हणाले. "म्हणजे गाड्या जात असणार. पूर्वी हे नव्हतं."

मलाही उतरायचं नव्हतं. मला गाडी चालवायची होती. दुरुस्तीचे सगळे महिने त्या क्षणासाठीच खर्च केले होते. चारही चाकांना ताकद देणारा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला. डावी चाकं गोण्यांवर, उजवी खालच्या दगडांवर. मध्यावर डाव्या बाजूला काहीतरी भसकलं, गाडी झुकली, मी पाय उचलला नाही, आणि स्प्रिंगांनी आम्हाला अलगद पलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मोहाचं झाड होतं तिथेच होतं. ताडपत्री ओढली, स्टोव्ह पेटवला, बाबांना घडीच्या खुर्चीत बसवलं. चहा गाळत होते तेवढ्यात ओहोळाकडून जवळच्या पाड्यावरची एक बाई आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. साडीचा काठ ओला, कमरेवर हंडा. तिने हंडा आमच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"बाय, गाडी तुमीच आनली ना वहाळातून?"

मी हो म्हणाले. अभिमानानेच म्हणाले. वर हेही म्हणाले की तुमच्या लोकांनी वाट छान केली आहे.

तिने हंड्याकडे बोट दाखवलं. आतलं पाणी चहासारखं लाल होतं. ती खालच्या अंगाला भांडी घासत होती, तिथे अचानक गढूळ लोंढा आला म्हणून ती काठाकाठाने वर चढत आली होती.

"ती वाट न्हाय," ती म्हणाली. "तो आमचा बांध हाय."

मी तिच्यामागे ओहोळापर्यंत गेले. या वेळी पायी. जिथे काहीतरी भसकलं होतं तिथे हातभर रुंद भगदाड होतं. उन्हाने चिरलेल्या गोण्या चाकाखाली फाटल्या होत्या, त्यांतली माती वाहून गेली होती, आणि वरचं शांत पाणी त्या तोंडातून धावत होतं. वरच्या अंगाला दगडांवर ओली रेघ दिसत होती. पाणी तिच्याखाली वीतभर उतरलं होतं. थोडं पुढे काठातून एक पाट निघत होता. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. पाटाच्या टोकाला तिचा मळा होता. मिरची, वांगी, वेलांवर चढवलेला वाल. वालाला नुकती फुलं आली होती.

पावसाळा सरल्यावर घरटी एका माणसाने येऊन तो बांध घातला होता, तिने सांगितलं. पण पाटाचं पाणी तिच्याच मळ्याला जात होतं, कारण बाकीच्यांनी कामाला जायचं ठरवलं होतं आणि तिने घरी राहायचं. मी विचारलं, कामाला कुठे? तिने डोंगराखाली, आम्ही आलो त्या बाजूला हात केला.

"हा पानी हाय तवर मी घरी हाय. पानी गेला का मंग मानकोलीला, गोदामात."

तिचा आवाज चढलाही नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मला माहीत होतं ती कुठे जाईल. आमच्या गोदामाच्या गेटवर सकाळी टेंपो येतो. त्यातून बायका उतरतात. जितक्या हव्यात तितक्या आत घेतात, उरलेल्या ऊन चढेपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहतात, कुणी गळालं तर आत घेतील या आशेने. आत गेलेल्यांचा आकडा माझ्याकडे येतो. मी तो ‘लेबर, महिला’ या रकान्यात भरते. त्या रकान्यात नावाला जागा नाही. यावर मी आजवर एकही पत्रक लिहिलं नव्हतं, हे मला तिथे, त्या भगदाडासमोर आठवलं.

आणि मी काय केलं? मी पिशवीतून वही काढली. माझा हात आपोआप तिकडे गेला. म्हणाले, ताई, मी आत्ता अर्ज लिहिते, पंचायतीला, वर तालुक्याला, इथे सिमेंटचा पक्का बंधारा मागू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, मी स्वतः मागे लागेन.

तिने ऐकून घेतलं. "लिवा," ती म्हणाली. "पन आता तो कागुद तिथं लावला, तं पानी थांबंल का?"

मागे बाबा काठी टेकत येऊन उभे राहिले होते. आयुष्यभर कागद लिहिलेला माणूस. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "वही ठेव. गाडीत काय काय आहे ते सांग."

रिकामी गोणी एकही नव्हती. पाड्यावरही नव्हत्या, होत्या त्या सगळ्या बांधात गेल्या होत्या. गाडीत होता पलंग आणि होती ती ताडपत्री.

नट हातानेच फिरले. दहा मिनिटांत फळ्या बाहेर आल्या. तोवर पाड्यावरून दोन बायका आणि एक म्हातारा खाली आले होते. म्हाताऱ्याने एक फळी उचलून तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं की ही कशाची. मी सांगितलं, झोपायची.

"एवढी गाडी झोपाया आनली व्हय? घरात जागा न्हाय का तुमच्या?"

बायका हसल्या. ज्या बाईचं पाणी मी घालवलं होतं ती हसली नाही, पण तिने साडी खोचली आणि पाण्यात उतरली. फळ्या कशा लावायच्या हे तिला आणि म्हाताऱ्याला कळत होतं, मला नव्हतं. मी फळ्या भगदाडात कोंबत होते आणि पाणी त्या परत माझ्या अंगावर फेकत होतं. म्हाताऱ्याने मला बाजूला केलं. फळ्या उभ्या नाही, आडव्या, खालच्या अंगाला दगडांचा टेका देऊन. मग वरच्या अंगाने ताडपत्री पाण्यात सोडायची. ती सोडली आणि पाण्याच्याच जोराने फळ्यांवर जाऊन चिकटली. पितळी डोळ्यांतून दोऱ्या घालून आम्ही ती काठावरच्या मुळांना बांधली, तिच्या खालच्या काठावर दगड आणि चिकणमाती दाबली. ट्रकसाठी शिवलेली ती जाड, जड ताडपत्री तिथे नीट बसली. पातळ असती तर फाटली असती. माझ्या हुशारीने यातलं काहीच झालं नाही. तो कारागीर लहान शिवायला शिकला नव्हता, एवढंच.

बाबा पँट वर दुमडून उथळ पाण्यात एका दगडावर बसले होते आणि मातीचे गोळे करून पुढे देत होते. त्यांचे गुडघे थंड पाण्यात होते. मी दोनदा बाहेर या म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

भगदाड बुजलं तेव्हा त्या बाईने एक काटकी घेतली आणि वरच्या अंगाला, पाण्याच्या अगदी कडेशी, चिखलात खोचली. मग आम्ही सगळे तिच्याकडे पाहत काठावर बसलो. मी पुन्हा चहा केला. एवढ्या माणसांना कप नव्हते, म्हणून आळीपाळीने प्यायलो. चहा संपला तेव्हा काटकी पाण्यात बोटभर आत होती. पाटाचं तोंड मात्र अजून कोरडंच होतं. ते भरायला दोन दिवस जातील, म्हातारा म्हणाला. मिरची दोन दिवस धरेल की नाही, ते त्याने सांगितलं नाही.

आम्ही निघालो. पलीकडे जायला दुसरी वाट होती, पाड्याच्या मागून, लांबची. विचारलं तेव्हा कळली. निघताना मी तिची माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही, नाकारलीही नाही. म्हणाली, "पुढल्या ऐतवारी या. गोन्या घेऊन या."

परतीच्या वाटेवर बाबा खिडकीची काच वर करून बसले. मग म्हणाले, "मी हँडलला हात लावला होता." मी म्हणाले, मी पाहिलं होतं.

त्या आठवड्यात मी आमच्या मुकादमाला फेकायच्या गोण्या मागितल्या. त्याने विचारलं, आता काय, गाडीला गोण्यांची गादी का? मी सगळं सांगितलं. त्याने न फाटलेल्याही काही बाजूला काढून दिल्या. रविवारी गाडीची मागची रिकामी जागा छपरापर्यंत भरली. ओहोळाच्या अलीकडे, लांबच, मी इंजिन बंद केलं आणि गठ्ठे पाठीवरून खाली नेले. पाट वाहत होता. मिरचीच्या शेवटच्या दोन ओळी माना टाकून करपल्या होत्या. वाल उभा होता. दिवसभर गोण्या भरल्या आणि जुन्या बांधाला पाठीमागून नवी ओळ घातली. फळ्या आणि ताडपत्री तशाच आत राहिल्या. त्या आता बांधाच्या आहेत.

अर्जही लिहिला. तो आधी पाड्यावर वाचून दाखवला, त्यांनी तीन ठिकाणी बदलायला लावला. अजून उत्तर आलेलं नाही.

चाचांकडे गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी मागचं दार उघडलं आणि पलंग कुठे म्हणून विचारलं. सांगितलं. ढालीवर एक ओरखडा होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "अच्छा हुआ वेल्डिंग नहीं मारा," एवढंच म्हणाले.

मी अजूनही डोंगरात जाते. आता गाडीतल्या पत्र्यावर सतरंजी टाकून झोपते आणि पाठ दुखते. दर सकाळी कामावर गेले की मात्र टेंपो थांबेपर्यंत गेटवर उभी राहते. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा पाहते. आजपर्यंत ती आलेली नाही. ओहोळ आटेल, वाल संपेल, तेव्हा कदाचित येईल. ती आली तर माझ्या चाकामुळे आलेली नसावी, एवढंच माझ्या हातात आहे. ओहोळात खोचलेल्या त्या काटकीसारखी मी रोज गेटवर उभी असते.

आमच्यासारख्या गाडीवाल्यांचे गट आहेत. त्यांच्यात ‘जिथे रस्ता नाही’ अशा जागांचे नकाशे फिरतात. मला त्यातली एकही जागा अशी सापडलेली नाही, जिथे कुणाचा पाय, कुणाचं पाणी, कुणाचं गुरं हाकायचं वळण नाही.

तेव्हा माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती तुम्ही याच रविवारी पाळू शकता. गाडी वाटेवरून खाली घेण्याआधी इंजिन बंद करा. उतरा, चपला काढा, पाण्यातून पायी पलीकडे जा. आणि विचारता येईल असा पहिला माणूस भेटेपर्यंत गाडीकडे परत येऊ नका.